मेरिनो की ड्रायफिट? मुंबईहून ट्रेकला जाणाऱ्यांसाठी

भाची डिसेंबरात उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या ट्रेकला निघाली आहे. परवा घरी आली आणि माझ्या कपाटातला मेरिनोचा, म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढीच्या बारीक लोकरीचा, टी-शर्ट काढून तिने स्वतःच्या ड्रायफिटशेजारी, म्हणजे पॉलिस्टरच्या टी-शर्टशेजारी ठेवला. "मावशी, माझा चारशेला मिळाला. तुझा साडेतीन हजारांचा. एवढं काय आहे यात?"

तिला म्हटलं, आधी हात फिरवून बघ. लोकरीचा असूनही टोचत नाही. लोकर टोचते ती जाड तंतूमुळे. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, म्हणून घोंगडी अंगाला खुपते. अंगालगतच्या कपड्यांना वापरतात त्या मेरिनोचा तंतू साधारण १७ ते १९ मायक्रॉनचा असतो. तो कातडीला लागला की वाकतो, रुतत नाही. पण गुण त्याच घराण्यातला. भर पावसात घोंगडीची खोळ घेऊन माळावर उभा असलेला धनगर ज्याने पाहिलाय, त्याला ओल्या लोकरीतही ऊब राहते हे वेगळं सांगावं लागत नाही.

तरीही सह्याद्रीतल्या पावसाळी ट्रेकला मी मेरिनो घालत नाही.

जुलैत कोंदिवड्याहून राजमाची चढायला लागा, दहा मिनिटांत विंडचीटरच्या आतूनही चिंब होता. पॉलिस्टरचा धागा स्वतः जवळजवळ पाणी पीतच नाही, वजनाच्या अर्धा टक्काही नाही. पाणी नुसतं धाग्यांच्या मधे अडकतं. टी-शर्ट पिळायचा, झटकायचा, परत घालायचा. परतीच्या कर्जत लोकलमध्ये पंख्याखाली उभं राहिलं तर ठाणं येईपर्यंत अंगावरच सुकत येतो. लोकर वजनाच्या जवळपास एक तृतीयांश पाणी धाग्याच्या आतच मुरवून घेते. माझा मेरिनो एकदा असा भिजला की खालची कड मांडीपर्यंत लोंबत होती, आणि घरी पंख्याखाली टाकूनही दुसऱ्या संध्याकाळी काखेत दमट होता. शिवाय करवंदाच्या जाळ्या! १५० जीएसएमचं (चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाचं) कापड म्हणजे पातळच. एका काट्यात बाहीला बोटभर भोक पडलं. सॅकच्या पट्ट्यांखाली गोळे येतात ते वेगळेच. एक दिवसाचा ट्रेक, घाम, चिखल, कातळ घासणं, यासाठी ड्रायफिटच घ्या.

थंडीत आणि मुक्कामाच्या ट्रेकला मात्र पारडं फिरतं. खिरेश्वरहून टोलार खिंडीने हरिश्चंद्रगड चढताना डिसेंबरातही पाठ घामाने निथळते. वर पोचून कोकणकड्यावर वाऱ्यात थांबलं की ड्रायफिट पाठीला गार चिकटतो, आणि कापरं भरतं ते त्या गारव्याने. मेरिनो घामाची वाफ पाणी होण्याआधीच धाग्यात ओढून घेतो आणि ती मुरताना थोडी उष्णताही सोडतो. फरक थोडाच असतो, पण वाऱ्यात उभं राहिल्यावर तो पाठीला कळतो.

आणि वास. पॉलिस्टरला अंगाचं तेल चिकटून बसतं, त्यावर जिवाणू वाढतात, आणि दुसऱ्या दिवशी तंबूत शेजारच्याला त्रास. मेरिनो मी सलग चार दिवस घातलाय, रात्री तंबूच्या दोरीवर वाळत टाकून. चौथ्या दिवशीही तो नाकाला लावता येत होता. केदारकंठा साडेबारा हजार फुटांच्या आसपास, डिसेंबरात बर्फ, आंघोळ नाही. तिथे दोन मेरिनो पाच ड्रायफिटांचं काम करतात, आणि सॅकही हलकी होते. चुलीपाशी बसल्यावर ठिणगी उडाली तर पॉलिस्टर वितळून भोक पडतं. लोकर जळते, पण वितळून कातडीला चिकटत नाही आणि लवकर विझते.

सुती टी-शर्ट दोन्हीकडे बाद. थंडीत तर मुळीच नको.

मुंबईच्या हवेत मेरिनो सांभाळणं हे कामच आहे. गार पाण्यात सौम्य लिक्विड, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं, सपाट पसरून वाळवायचं. कसर लागते ती घामाच्या डागांवर आधी, म्हणून न धुता कपाटात कधीच ठेवू नका. पूर्ण वाळवून झिपच्या पिशवीत ठेवा.

घेताना एक गोष्ट मात्र जरूर विचारा. माश्यांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून मेंढीच्या मागच्या भागाची कातडी कापून काढायची पद्धत आहे, तिला म्यूलसिंग म्हणतात. न्यूझीलंडने २०१८ साली ती बंद केली, ऑस्ट्रेलियात अजून चालते. लेबलवर 'म्यूलसिंग-मुक्त' किंवा रिस्पॉन्सिबल वूल स्टँडर्डचा शिक्का नसेल तर मी तो कपडा खाली ठेवते. डोंगरावरच्या प्रेमापोटी घेतलेला कपडा कुणा जनावराच्या वेदनेतून आलेला मला चालत नाही. पॉलिस्टरही धुताना बारीक प्लास्टिकचे तंतू पाण्यात सोडतं, म्हणून आहेत ते विरेपर्यंत वापरा.

बजेट कमी असेल तर आधी मोजे घ्या. मेरिनोत नायलॉन मिसळलेले, कारण निव्वळ मेरिनोच्या टाचा लवकर झिजतात. बुटात पाय दिवसभर ओला राहतो, आणि फोड येणं-न येणं तिथेच ठरतं.

भाचीने मोज्यांच्या दोन जोड्या आणि २०० जीएसएमचा एक पूर्ण बाह्यांचा मेरिनो घेतला. तिचा चारशेचा ड्रायफिट ट्रेक जिथून सुरू होतो त्या सांक्री गावापर्यंतच्या प्रवासाला, आणि परत आल्यावर पेब किल्ल्याला.