पोत्यातला चौथा पिस्टन

माझ्या गाडीच्या इंजिनात सिलिंडर तीन, म्हणजे पिस्टनही तीनच. गॅरेजवाल्याने 'हे तुमचे जुने पार्ट' म्हणून डिकीत टाकलेल्या पोत्यात पिस्टन चार. हे लक्षात यायला मला सात आठवडे लागले, आणि तेही पोतं सरकवताना एक पिस्टन पायावर आपटला म्हणून.

झालं असं. सकाळी गाडी सुरू केली की मागून निळसर धूर यायचा, पाच-दहा सेकंद. मग दिवसभर नाव नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, एवढं मला ठाऊक होतं. ते कुठून उतरतंय हे धूर कधी येतो त्यावरून कळतं, हे ठाऊक नव्हतं. पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजलेल्या असल्या तर चढावर, जोर दिल्यावर धूर येतो आणि येतच राहतो; चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण उघडलं तर तिथूनही भसाभसा हवा निघते. माझा प्रकार वेगळा होता. व्हॉल्व्हची रबरी सील कडक झाली की रात्रभर उभ्या गाडीत थेंब थेंब ऑइल सिलिंडरमध्ये झिरपतं आणि सकाळी जळून जातं. बोटाच्या पेराएवढ्या सीलचं दुखणं.

गॅरेजवाल्याने झाकण उघडलं नाही, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतात, ते बघितलं नाही. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं आणि काळं बोट माझ्यापुढे धरलं. "ताई, इंजिन बसलंय. फुल काम करावं लागेल." (नंतर मी ओळखीच्या चार गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये बोट घालून पाहिलं. चारही वेळा काळंच.)

अंदाज लिहून मागितला तर म्हणाला, "उघडल्याशिवाय काय लिहू?" मला ते पटलं. चौथ्या दिवशी फोन आला: ब्लॉक बोअरला पाठवायचाय, 0.50 चे पिस्टन बसवावे लागतील. म्हणजे सिलिंडर आतून कापून रुंद करायचे आणि अर्धा मिलिमीटर मोठे नवे पिस्टन घालायचे. धावत गेले. बॉनेटखाली पोकळी, एका जुन्या टायरवर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, ठेवलेलं, डब्यात बोल्ट. अशा गाडीला 'नको, मी दुसरीकडे नेते' कसं म्हणणार? न्यायची तरी कशात? मान डोलावली. ते हेड माझ्याच गाडीचं होतं का, हे आज मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

जुने पार्ट परत मागायचे, हा सल्ला मला सगळ्यांनी दिला होता आणि मी तो पाळलाही. म्हणून तर पोतं पाहून निर्धास्त झाले. काळेकुट्ट पिस्टन, तुटकी रिंग, दोन-तीन बेअरिंगच्या वाट्या. पोत्यात झिजलेलं सामान आहे एवढंच त्यातून सिद्ध होतं; ते माझ्या गाडीतून निघालं हे नाही. काम सुरू व्हायच्या आधी फोटो काढायला हवे होते. हेड उतरल्यावर जाऊन प्रत्येक पिस्टनच्या डोक्यावर रंगाचा ठिपका द्यायला हवा होता. निदान मोजायला तरी हवे होते!

बिलावर एकच ओळ: 'इंजिन काम पूर्ण, 0.50 पिस्टनसह.' ती ओळ पुढे माझ्याच कामी आली, तो भाग वेगळा.

आठव्या दिवशी सकाळी पुन्हा तोच निळा धूर. गॅरेजवाला म्हणाला, "नवीन रिंगा आहेत, बसायला वेळ लागतो." हे खोटं नाही, आणि म्हणूनच मी दीड महिना गप्प राहिले. फक्त एक गोष्ट खटकायला हवी होती. खरंच बोअर झालेलं इंजिन देताना मेकॅनिक बजावतो की सुरुवातीला पळवू नका, ऑइल लवकर बदला. मला कुणी काही बजावलं नव्हतं. उलट किती सुटसुटीत काम झालं, याचंच मला कौतुक.

पिस्टन पायावर पडला त्या संध्याकाळी मी दुसऱ्या, वयस्कर मिस्त्रीकाकांकडे गेले. त्यांनी इंजिन खोलायला साफ नकार दिला. "मी पाना लावला की तो म्हणणार ह्यांनीच बिघडवलं." त्यांनी फक्त स्पार्क प्लग काढून कॉम्प्रेशन मोजलं: तिन्ही सिलिंडर 12 बारच्या आसपास, जवळजवळ सारखे, म्हणजे ठणठणीत. मी ते आकडे घेऊन गॅरेजवाल्याकडे गेले, तर तो खूश! "बघा, आमचं काम किती फिट झालंय." मूळचं इंजिन धडधाकट होतं, हाच त्याचा पुरावा झाला. काम करण्याआधीचे आकडे माझ्याकडे असते तर हे बोलायची त्याची छाती झाली नसती.

मग काकांनी प्लगच्या भोकातून कॅमेरा आत सोडला आणि मला मोबाइलवर चित्रण करायला लावलं. पिस्टनच्या डोक्यावर कार्बनचा जाड, भेगाळलेला थर, वर्षानुवर्षांचा. मोठ्या मापाच्या पिस्टनवर 0.25 किंवा 0.50 असा आकडा बहुधा कोरलेला असतो. इथे तो शोधायला आधी थर खरवडावा लागला असता.

गॅरेजवाल्यापुढे मी आवाज चढवला नाही. बोअर बाहेर लेथवर करून घेतलं असं तो स्वतःच म्हणाला होता. मी एवढंच विचारलं, "त्या लेथवाल्याची पावती द्या. माप लिहिलेलं असेल ना त्यावर?" पहिल्या दिवशी पावती हरवली होती. दुसऱ्या दिवशी लेथवाला गावाला गेला होता. तिसऱ्या दिवशी मी चित्रण, बिल आणि चार पिस्टनांचा फोटो जोडून लेखी पत्र दिलं आणि त्याच्या प्रतीवर पोच मागितली. सही करताना तो थबकला. "चौथा चुकून आला असेल, दुसऱ्या गिऱ्हाइकाचा."

दोन आठवड्यांनी निम्म्याहून थोडे जास्त पैसे परत मिळाले, दोन हप्त्यांत. बाकीचे बुडाले. काकांनी हेड न उतरवता, सिलिंडरमध्ये हवेचा दाब धरून सील बदलली. धूर बंद.

शेवटचा हप्ता देताना गॅरेजवाल्याने एकच अट घातली. म्हणाला, "ताई, ते पोतं तेवढं परत आणून द्या. लागतं मला."