विंडोज ९८ सेकंड एडिशन: काही महिने रोज वापरल्यावर

टेस्टिंग मशीन कॉम्प्युटरला जोडणारं कार्ड आयएसए, म्हणजे जुन्या पद्धतीच्या स्लॉटचं, आणि नव्या मदरबोर्डात तो स्लॉटच येत नाही. नव्या कंट्रोलरचं कोटेशन बघून घाम फुटला, म्हणून वर्कशॉपमधला विंडोज ९८ वरचा जुना पेंटियमच चालू ठेवला. स्पेसिफिकेशन लिहीत नाही, असा डबा ज्यांच्याकडे आहे त्यांना सगळं पाठ असतं.

वैताग एकच: डिव्हाइस मॅनेजरमधलं (हार्डवेअरच्या यादीतलं) ते गडबड दाखवणारं पिवळं उद्गारचिन्ह. पीसीआयचं, म्हणजे आयएसएनंतरच्या स्लॉटचं, नेटवर्क कार्ड बसवलं की मशीनचं कार्ड मुकं. आयआरक्यू, म्हणजे प्रोसेसरचं लक्ष वेधून घ्यायच्या लाइनी, एकूण १६, त्यातले टायमर, कीबोर्ड, हार्डडिस्क यांनी आधीच अडवलेले. आमचं कार्ड जंपरने (कार्डावरच्या पिनांवर हाताने बसवायच्या टोपीने) ५ वर बसवलेलं. पीसीआय कार्ड विचारलं की स्वतःची माहिती देतं, जंपरवालं काहीच बोलत नाही. त्यामुळे बायोसच्या (मदरबोर्डवरच्या, सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या) लेखी ५ रिकामा, आणि तो दिला नव्या पाहुण्याला! पीसीआयवाले आपसांत एक आयआरक्यू वाटून घेतात, आयएसएचं कार्ड वाटेकरी चालवून घेत नाही. जंपर हलवावा तर मशीनच्या डॉस सॉफ्टवेअरला ५ शिवाय दुसरं काही कळत नाही.

सर्व्हिसवाला आला, कव्हरसुद्धा न उघडता म्हणाला, मदरबोर्ड बदला. व्हिजिट चार्ज घेतलाच. तो गेल्यावर बायोसमध्ये पीएनपी/पीसीआय कॉन्फिगरेशन उघडून आयआरक्यू ५ पुढे 'लेगसी आयएसए' केलं, म्हणजे ५ जुन्या कार्डासाठी राखीव, 'रीसेट कॉन्फिगरेशन डेटा' येस केलं. पिवळं चिन्ह गायब. खर्च शून्य, तो व्हिजिट चार्ज सोडून.

इथवर दोनच स्टार देणार होतो. पण मागच्या आठवड्यात विंडोजचं नवं हार्डवेअर शोधणारं 'ॲड न्यू हार्डवेअर' चालवलं आणि प्रगती दाखवणारी पट्टी मध्येच अडकली. बराच वेळ हार्डडिस्कचा दिवा लागेना, तेव्हा पॉवर पूर्ण बंद करून पुन्हा चालू केलं. (नुसतं कंट्रोल-ऑल्ट-डिलीट नको, आयएसए कार्ड त्याने ताळ्यावर येईलच असं नाही.) विंडोज पठ्ठ्याने अडलेली तपासणी वगळून पुढचं काम उरकलं! धोक्याची तपासणी करण्याआधी तो डेटक्रॅश.लॉगमध्ये नोंद करून ठेवतो, म्हणून हे जमतं. डेटलॉग.टीएक्सटी नोटपॅडमध्ये उघडा, काय काय शोधलं ते ओळीने दिसतं. एवढा हिशेब आमचा सर्व्हिसवाला कधी देत नाही. १९९८ च्या एप्रिलमध्ये बिल गेट्स यांच्यासमोर भर स्टेजवर स्कॅनर जोडताच विंडोज ९८ कोसळून निळा स्क्रीन आला होता, तेव्हा आपल्याकडे पट्टी अडकली तर चालायचंच.

आता साडेतीन स्टार. अर्धा कापला तो सारखी सीडी मागण्याबद्दल. सीडीवरचं विन९८ फोल्डर सी ड्राइव्हवर कॉपी करून ठेवा, आणि मागितलं की तोच पत्ता द्या.