कूतच्या वेढ्यातलं 'अस्सल' पत्र विकणारा फिरतोय, सावध राहा

ज्यांच्या घरचं कुणी पणजोबा-खापरपणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला (म्हणजे आजच्या इराकला) गेलं होतं त्यांच्यासाठी लिहितोय, कारण हा माणूस बरोब्बर आपल्यासारख्यांनाच गाठतो. तिथल्या कूत गावात तुर्कांनी ब्रिटिशांच्या फौजेला वेढलं होतं, त्या वेढ्यातल्या मराठा शिपायाचं पत्र म्हणून एक कागद त्याने मला १८ हजाराला विकला आणि तो चक्क बनावट निघाला.

पद्धत बघा त्याची. ११७ मराठा पलटणीत गेलेल्या आमच्या गावच्या लोकांबद्दल कुणाकडे काही आहे का असं मी एका ग्रुपवर विचारलं होतं, गावाचं नाव, आडनाव सगळं त्या पोस्टमध्येच. थोड्याच दिवसात याचा मेसेज, दादा एका वाड्याच्या माळ्यावर ट्रंक निघालीय, त्यात तुमच्याच गावचं पत्र आहे. फोटो अर्धवट, गावाचं नाव दिसेल एवढाच. पुढे मुंबईची पार्टी २५ द्यायला तयार आहे पण पत्र घरच्यांकडेच जावं असं मला वाटतं वगैरे. पैसे आधी यूपीआयने, पावती मागितली की 'आपल्यात कसली पावती'.

आता अशा कागदाला भाव का येतो तर मूळ पत्रं उरलीच नाहीत जवळजवळ. फ्रान्समधल्या हिंदी शिपायांचं टपाल सेन्सॉर वाचायचा, त्याने काढलेले इंग्रजी उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि इतिहासकार बहुतेक त्यावरच काम करतात. त्यात पंजाबकडचे शिपाई जास्त. आणि तेही जपून वाचावे लागतात, बऱ्याच जणांना लिहिता येत नव्हतं म्हणून दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे, शिवाय पत्र वाचलं जातंय हे माहीत असल्यामुळे गोऱ्यांना लाल मिरची आणि आपल्यांना काळी मिरची असं आडून लिहायचे. अशात मराठी, हाताने लिहिलेलं, तेही कूतचं पत्र म्हणजे कुणीही पाघळणार.

हातात आल्यावर भिंगाखाली धरलं. कागदाला कसरीची भोकं होती आणि अक्षरं त्या भोकांना वळसा घालून गेली होती, एका ठिकाणी तर 'आई' मधला आ अलीकडे आणि ई पलीकडे. म्हणजे भोकं आधी, पत्र नंतर! घडीच्या चिरेत शाई पसरलेली, म्हणजे घडीसुद्धा आधीचीच. नोटा तपासायचा निळा लाईट मारला तर कडेला जिथे जुना दिसावा म्हणून लावलेलं चहाचं पाणी नीट लागलं नव्हतं तिथे कागद चमकला, आणि कागदात ते चमकणारं केमिकल साधारण १९५० नंतर यायला लागलं. 'नाही', 'घरी' वर त्या काळी द्यायचे ते अनुस्वार नव्हते, पण त्यावरून मी काही म्हणत नाही, शिपाई काय शुद्धलेखनाचा पेपर देत नव्हता.

मजकूर तर त्याहून भारी. वर पलटण '५ मराठा लाईट इन्फन्ट्री', जे नाव १९२२ च्या फेररचनेत आलं, कूतमध्ये १०३, ११० आणि ११७ अशा वेगवेगळ्या पलटणी होत्या. तारीख फेब्रुवारी १९१६. वेढा ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, बाहेरच्या जगाशी बोलणं वायरलेसवर, मग हे पत्र गावात पोचलं कसं? आणि सगळ्यात राग आला तो एका वाक्याचा, आम्ही सगळे आनंदाने घोड्याचं मांस खातो म्हणे. खरं तर हिंदी शिपायांनी धर्मापायी ते महिनोन् महिने नाकारलं, आधीच अर्धपोटी, त्यात स्कर्व्ही (ताजी भाजी-फळं न मिळाल्याने होणारा रोग), आणि एप्रिलमध्ये तिथला ब्रिटिश सेनापती टाउनशेंडने दमदाटी केल्यावर मोठ्या संख्येने खायला लागले. उद्या हे वाक्य कुणी स्मरणिकेत छापलं की पुढचा तिथूनच उचलणार.

म्हणून पैसे द्यायच्या आधी दोन्ही बाजूंचा पूर्ण फोटो मागा, उजेडासमोर धरलेला व्हिडिओ मागा, आणि ट्रंक कुणाची ते विचारा, खरा माणूस घराण्याचं नाव सांगायला आढेवेढे घेत नाही. गाव आणि पलटण तुम्ही आधी सांगू नका, त्याला सांगू दे. शिपाई मेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हजच्या साईटवर नाव फुकट शोधता येतं. पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनला फोन करा, उशीर केला की रक्कम पुढे सरकते.

माझा नंबर त्याने ब्लॉक केलाय. परवा एका मित्राला त्याच अक्षरातल्या पत्राचा फोटो आलाय, मजकूर तोच, गाव मात्र चिपळूणजवळचं आणि भाव २२ हजार.