फिश की पीसीआर? एकच परवडत असेल तर

"सर, दोन्हीतली एकच सांगा, आत्ता तेवढेच पैसे जमतेत," एक मुलगा विचारत होता. त्याच्या वडिलांच्या पांढऱ्या पेशी १,८०,०००, डाव्या बरगडीखाली पानथरी हाताला लागत होती आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सीएमएलपुढे (एक प्रकारचा रक्ताचा कर्करोग) प्रश्नचिन्ह. परभणीच्या आमच्या लॅबच्या काउंटरवर हा प्रश्न अधूनमधून येतोच.

सीएमएलमध्ये ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलतात आणि बीसीआर-एबीएल हा जोडजनुक तयार होतो. तो शोधायच्या तीन तपासण्या. कॅरिओटायपिंगमध्ये (गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) साधारण २० पेशी बघतात, पण इतर गुणसूत्रांतली गडबडही कळते. त्याला बोन मॅरो (अस्थिमज्जा) लागतो. (तो कमरेच्या हाडातून काढतात, 'पाठीचं पाणी' समजून घाबरून परत गेलेले लोक मी पाहिलेत.) फिश म्हणजे चमकणाऱ्या रंगाने जोडजनुक दाखवणारी तपासणी; ती रक्तावरही होते, दोनेकशे पेशी तपासते. पीसीआर जोडजनुकाच्या प्रती वाढवून मोजते, म्हणून हजारो पेशींत लपलेली एखादीही हुडकते.

एकच करायची तर माझं मत पीसीआर. इमॅटिनिब हे सीएमएलचं औषध सुरू झाल्यावर दर तीन महिन्यांनी तीच करायची आहे: बीसीआर-एबीएलचं प्रमाण तिसऱ्या महिन्यात १० टक्के किंवा कमी, वर्षाअखेर ०.१ टक्का किंवा कमी हवं. इतकं बारीक फिशला दिसत नाही. मात्र पहिल्या वेळी जोडाचा प्रकार सांगणारी पीसीआर मागा. नुसता आकडा देणारी बहुतेक वेळा पी२१० हा नेहमीचा प्रकारच मोजते. प्रकार दुर्मीळ निघाला तर रिपोर्ट निगेटिव्ह आणि आजार जागेवरच. तिथे फिश कामाला येते. डॉक्टर मॅरो काढणारच असतील तर कॅरिओटायपिंग मात्र टाळू नका. आणि संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जाणार असाल तर तिथे विचारून मगच बाहेर पैसे भरा.

आता ट्यूब. पीसीआरला जांभळ्या झाकणाची ईडीटीए, कॅरिओटायपिंगला हिरव्या झाकणाची हेपॅरिन. हेपॅरिनमुळे पीसीआर अडते. गेल्या मे महिन्यात घाईत मीच हिरवी भरली. पेशंटला पुन्हा सुई, पुन्हा चार दिवसांची वाट. शिवाय पीसीआर ज्यावर होते तो रक्तातला आरएनए आपल्या उन्हात टिकत नाही. शनिवारी दुपारी दिलेलं रक्त रविवारभर कुरिअरच्या खोक्यात पडून राहतं. म्हणून त्या पोराला सांगितलं, सोमवारी सकाळी सातला वडिलांना घेऊन ये.

चिठ्ठीवर सीएलएल (रक्ताच्या कर्करोगाचा दुसरा प्रकार) लिहिलं असेल तर यातलं काहीच लागू नाही. तिथे निदान रक्ताच्या फ्लो सायटोमेट्रीवर (पेशींवरच्या खुणा ओळखणारी तपासणी) होतं. १७पी आणि टीपी५३ या जनुकीय तपासण्यांचा खर्च उपचार सुरू करायची वेळ आली की करावा; कित्येकांना ती वेळ वर्षानुवर्षं येत नाही.