वीस कापले, वीस दिले, तरी पीसमागं दोन रुपये गेले

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर, कागल पंचतारांकित, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या मालावर काम, करत असाल तर हे वाचून ठेवा. रेट आधी कापायचा आणि नंतर 'तेवढाच' वाढवून द्यायचा, असा एक प्रकार आपल्याकडं चालतो. कागदोपत्री सगळं सरळ दिसतं, म्हणून कुणी बोलत नाही.

माझ्याकडं सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, एका कंपनीचं टर्निंगचं काम आहे. कास्टिंग (ओतीव पार्ट) त्यांचं, मशिनिंग आमचं, रेट पीसला ५० रुपये. २०२० च्या लॉकडाऊननंतर काम मंदावलं तेव्हा परचेसच्या साहेबांनी बोलावलं. "पावणं, मार्केट थंड हाय. सगळ्याच व्हेंडरचे २० टक्के कापाय लागलोय. मार्केट उठलं की जेवढे टक्के कापले तेवढे परत. शब्द हाय आपला." रेट ४० वर आला. बँकेला मंदी कळत नाही, मशीनचा हप्ता चालूच असतो. काम सोडणं शक्य नव्हतं.

पुढं मार्केट उठलं. पत्र आलं, 'आपल्या दरात २० टक्के वाढ मंजूर'. मागोमाग साहेबांचा फोन, "बघा, शब्द पाळला का नाही?" पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, बघितली तर रेट ४८.

मेख इथं आहे. कापताना २० टक्के ५० वर धरले, १० रुपये गेले. देताना २० टक्के ४० वर धरले, ८ च आले. ४० चे पुन्हा ५० करायला १० रुपये लागतात आणि ४० वर १० म्हणजे २५ टक्के. पीसला २ रुपये ऐकायला किरकोळ वाटतात. महिन्याला ६,००० पीस जातात, म्हणजे १२,००० रुपये. वर्षाला १ लाख ४४ हजार.

जाऊन विचारलं तर उत्तर तयार होतं. "२० घेतले, २० दिले. आता २५ मागताय म्हणजे वर ५ टक्के जास्तच की!" शेजारच्या टेबलावरचा पोरगाही हसला. हिशोब असा गुळगुळीत की ऐकणाऱ्याला हावरट मीच वाटावा.

त्यांना गणित कळत नाही, असं म्हणून सोडून दिलं असतं. पण माझ्याकडं त्यांचीच एक डेबिट नोट होती. रिजेक्ट झालेल्या पीसमागं ते कास्टिंगची किंमत आमच्या बिलातून वळती करतात. ती किंमत २०० ची २४० झाली तेव्हा नोटेवर 'वाढ २० टक्के' होतं. पुन्हा २०० झाली तेव्हा 'घट १६.६७ टक्के'. दशांशासकट! म्हणजे वर जाताना आणि खाली येताना टक्के वेगळे पडतात हे त्या ऑफिसात पक्कं माहीत आहे. फक्त व्हेंडरचा रेट काढताना ते आठवत नाही. तो कागद समोर ठेवला तर साहेब म्हणाले, "तो अकाउंटचा विषय आहे."

गोकुळ शिरगावातल्या एका मित्राचं तर याहून भारी. त्याचे ३० टक्के कापले आणि तीन वर्षांत दहा-दहा-दहा करून 'पूर्ण' परत दिले. १०० चे ७० झाले होते. ७० चे ७७, मग ८४.७०, मग ९३.१७. तीन वाढी घेऊनही पावणेसात रुपये खाली, आणि कंपनीच्या लेखी हिशोब चुकता.

त्याच काळात आम्हीही ऑपरेटरचे पगार कापले होते. परत देताना टक्के काढलेच नाहीत, आधीचा आकडा होता तोच पुन्हा लावला. एका ओळीचं काम आहे ते.

कुणी १० टक्के कापले असतील तर परत ११.११ लागतात, २५ ला ३३.३३, आणि निम्मा रेट केला असेल तर पुरते १०० टक्के. कापलेले रुपये भागिले कापल्यानंतरचा रेट गुणिले १००, मोबाईलवर होतं. कपात मान्य करावीच लागली तर त्याच दिवशी मेलवर लिहून घ्या: 'मूळ दर ५० रुपये, तात्पुरता दर ४० रुपये, नंतर पुन्हा ५० रुपये.' टक्के लिहायचेच असतील तर 'मूळ दराच्या' हे शब्द घालायला लावा. नुसतं '२० टक्के वाढ' असेल तर ती चालू रेटवरच धरली जाते.

तक्रार कुठं करायची, असं बरेच जण विचारतात. २००६ च्या एमएसएमई कायद्यातली ४५ दिवसांची तरतूद थकलेल्या बिलांसाठी आहे. पीओ स्वीकारून त्याच रेटनं बिलं घातली की रेटचं रडगाणं तिथं मांडता येत नाही. म्हणून सुधारित पीओ आली की मालाचं पहिलं डिलिव्हरी चलन जायच्या आधी आक्षेप मेलवर टाका. मी टाकला होता, त्यावर अजून उत्तर नाही. जुना पार्ट ४८ वरच चालू आहे. नवीन पार्टचं कोटेशन मात्र मी रुपयांत दिलंय, आणि टक्क्यांची ओळ त्यांनी घालून पाठवलेली पीओ दोनदा परत केलीय.