आठवीतल्या मुलासाठी बटणांचा फोन: जूनपासून वापरल्यानंतरचा अनुभव

शाळा सुरू होताना मुलाला त्याचा पहिला फोन घेतला. साधा, बटणांचा, पंधराशेच्या आतला. आता वार्षिक परीक्षा तोंडावर आली आहे आणि फोन अजून चालतोय. घेण्याआधी घरात सगळ्यांची एकच चर्चा होती: पडला तर फुटेल का? इतके महिने वापरल्यावर सांगते, ती चिंता सोडून द्या. आमचं डोकं खाल्लं ते नेटवर्कने, बॅटरीने आणि सगळ्यात जास्त रिचार्जने.

आम्ही ठाण्याजवळ कळव्याला राहतो. मुलाची शाळा ठाण्यात नौपाड्याला, क्लास राम मारुती रोडला. जाणं-येणं टीएमटीच्या, म्हणजे ठाणे महापालिकेच्या बसने, बस नाहीच आली तर शेअर रिक्षाने. मी ऐरोलीला नोकरी करते, घरी पोचायला सात वाजतात. तो पोचला की कळावं आणि कुठे अडकला तर कुणाला तरी फोन लावता यावा, अपेक्षा तेवढीच. स्मार्टफोन मला नको होता, त्याला हवा होता. तो वाद इथे लिहीत बसत नाही.

कंपनीचं आणि मॉडेलचं नाव मुद्दामच देत नाही, कारण या प्रकारात नावावर जाण्यात अर्थ नसतो. नोकिया १०५ चंच बघा. हे नाव २०१३ पासून चालत आलंय, मधल्या काळात त्याच नावाने फक्त २जीवाले फोन आले आणि ४जीवालेही. शेजारच्या काकांचा १०५ झकास चालतो म्हणून तुम्ही तोच मागितलात, तरी हातात काय पडेल ते खोक्यावर वाचल्याशिवाय कळत नाही. खोक्यावर ४जी लिहिलंय का ते बघा, आणि त्याच्या शेजारी व्होल्टीई लिहिलंय का तेही. ४जीवरून साधा कॉल लागतो तो या व्होल्टीईमुळे. जिओकडे २जी मुळातच नाही, त्यामुळे जुन्या पद्धतीच्या २जी फोनमध्ये जिओचं सिम घातलं तर ते शोभेला राहतं. एअरटेल आणि व्हीआयचं २जी अजून आहे, पण आज नवा फोन घेताना त्या भरवशावर २जीच का घ्यायचा? जिओभारत हा २०२३ मध्ये ९९९ रुपयांना आलेला फोन ४जीचा आहे, पण त्यात जिओशिवाय दुसरं सिम चालत नाही. घरात सगळे जिओवर असतील तर प्रश्नच नाही. आमच्याकडे तसं नव्हतं, म्हणून तो यादीतून गेला.

गोखले रोडवरच्या दुकानात मी माझं सिम काढून दिलं आणि म्हटलं, लावून दाखवा. दुकानदार म्हणाले, "ताई, सील फोडलं की परत घेत नाही हां." म्हटलं, "परत नाही करत. पण पैसे कॉल लागल्यावर देते." थोडी कुरकुर झाली, पण लावून दाखवलं. वर व्होल्टीईचं चिन्ह आलं, आवाज स्वच्छ आला, मग पैसे दिले. घरी मात्र आतल्या खोलीत ४जी गळपटतं आणि फोन २जीवर उतरतो. आमच्या सिमकंपनीचं २जी चालू असल्यामुळे कॉल लागतो, इतकंच.

आता तो पडण्याचा विषय. फोन जिन्यावरून पडला, बाकावरून पडला, एकदा बसच्या पायरीवरून थेट रस्त्यावर. दर वेळी तीन तुकडे: झाकण, बॅटरी, फोन. तिन्ही गोळा करून बसवले की सुरू. पण बॅटरी निघाली की आमच्या फोनची तारीख-वेळ पुसली जाते, आणि हे पोरांच्या लक्षात येत नाही. बसवरून पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अलार्म वाजलाच नाही, कारण फोनच्या हिशेबाने १ जानेवारीची मध्यरात्र नुकतीच उलटली होती. तेव्हापासून फोन जोडला की आधी घड्याळ लावायचं, मग खिशात टाकायचा, असा नियम आहे.

पावसाचं वेगळं. 'जुने नोकिया किती दणकट' हे सगळेच ऐकवतात. २००३ मध्ये आलेल्या नोकिया ११०० ला टॉर्च होता, धूळ आत जाणार नाही असा कीपॅड होता, आणि जगभरात पंचवीस कोटींच्या वर फोन खपले. ते पुण्य आजच्या फोनांना आपोआप मिळत नाही. आमच्या फोनचा कीपॅड सलग रबराचा आहे, तिथून पाणी शिरत नाही. शिरतं ते चार्जिंगच्या आणि इअरफोनच्या भोकातून. जुलैत दप्तर भिजलं आणि फोनला घाम फुटला, स्क्रीनच्या आत वाफ दिसायला लागली. बंद केला, बॅटरी काढली, दोन दिवस पंख्याखाली ठेवला. वाचला. त्यानंतर पावसाळाभर झिपच्या पिशवीत. पिशवीवरूनही बटणं दाबली जातात, टचस्क्रीनसारखी रडारड नाही. झीज म्हणाल तर पाचाच्या बटणावरचा आकडा अर्धा गेलाय, बाकी ठीक.

बॅटरी हजार एमएएचच्या आसपासची. नुसते कॉल असते तर आठवडा काढला असता, पण टॉर्च, सापाचा गेम आणि रेडिओवर १०७.१ वरचं आकाशवाणीचं रेनबो धरून तीन-चार दिवस जातात. आमच्या फोनमध्ये रेडिओला इअरफोन लावावाच लागतो, त्याची वायरच अँटेना होते. जास्तीची बॅटरी म्हणून स्टेशनजवळून एक घेतली. बीएल-५सी हा बॅटरीचा साचा इतका सर्रास आहे की कुठल्याही टपरीवर मिळतो, आणि तेवढीच नक्कलही मिळते. आमची दोन महिन्यांत फुगली. मागचं झाकण नीट बसेना, तेव्हा लक्षात आलं. फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावायची नाही, मुलाच्या खिशात तर नाहीच. दुसरी सर्व्हिस सेंटरमधून आणली. महाग पडली, पण ठीक चालतेय.

आता रिचार्ज. नेटची गरजच नसताना नेटचे पैसे का भरायचे, हे दुकानात कुणालाच पटवता येत नव्हतं. ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त कॉल आणि मेसेजचे पॅक ठेवायला सांगितलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये ते आले. ८४ दिवसांचे, साडेचारशे ते पावणेपाचशेच्या घरातले. हे पॅक अ‍ॅपमध्ये पहिल्या पानावर सापडत नाहीत आणि दुकानदार आपणहून सांगत नाही. "फक्त कॉलचा, नेटशिवाय" असं दोनदा म्हणावं लागतं. तरी वर्षाचा हिशेब चार-साडेचार रिचार्जचा, म्हणजे दोन हजारांच्या आसपास. फोनच्या किमतीपेक्षा जास्त! स्वस्त फोन घेतला म्हणून खूश होणाऱ्या प्रत्येकाला मी हा हिशेब ऐकवते.

मेसेज त्या पॅकमध्ये भरपूर असतात, पण मराठीत लिहायला बसाल तर एका मेसेजमध्ये ७० अक्षरं. इंग्रजी लिपीत १६०. त्यात काना, मात्रा, वेलांटी आणि पाय मोडण्याची खूणसुद्धा वेगळी मोजतात. 'क्लास' दिसतो दोन-तीन अक्षरांचा, खर्च होतात पाच. वर एकेका बटणावर चार-पाच अक्षरं, दाबत बसा. मुलाने आठवड्याभरात मराठी सोडली आणि इंग्रजी अक्षरांत मराठी सुरू केली. पुढे तेही सोडलं. आता एक मिस्ड कॉल म्हणजे पोचलो, दोन म्हणजे क्लास उशिरा सुटणार, तीन म्हणजे तू फोन कर. माझ्या ऑफिसात यावर बरंच हसून झालंय.

इनबॉक्सची कटकट आहेच. काही दिवसांत जाहिरातींनी भरतो, मग नवा मेसेज आत येत नाही. नको असलेला नंबर ब्लॉक करायची सोय फोनमध्ये चांगली नाही. १९०९ वर डीएनडी, म्हणजे जाहिराती नकोत अशी नोंद, लावल्यावर त्रास कमी झाला, संपला नाही.

घेतल्या दिवशी दोन कामं उरकून टाका. *#०६# दाबलं की आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दिसतो. दोन सिमचा फोन असेल तर दोन आकडे येतात, दोन्ही वहीत लिहा. फोन हरवला तर पोलीस तक्रार करून संचार साथी या सरकारी वेबसाइटवर तो ब्लॉक करायला हेच लागतात. दुसरं म्हणजे आणीबाणीचं बटण. १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये ते असावं असा नियम आहे, आणि बटणांच्या फोनमध्ये ५ किंवा ९ दाबून धरलं की मदतीचा कॉल जातो. आमच्यात ५ आहे. म्हणून स्पीड डायलला २ वर मी, ३ वर बाबा, ४ वर आजी, आणि ५ ला हात लावायचा नाही. गंमत म्हणून दाबून बघायचं नाही हेही बजावून ठेवलंय.

जे जमत नाही ते जमत नाही. शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप माझ्या फोनवर, गृहपाठाची पीडीएफ माझ्या फोनवर, आणि ती मी ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीत उभी राहून त्याला कॉलवर वाचून दाखवते: "प्रश्न तिसरा, अ, गाळलेल्या जागा." आजूबाजूच्या बायका आता त्याचा अभ्यासक्रम ओळखतात. वडापावला यूपीआय नाही, म्हणून खिशात सुटे द्यावे लागतात. बटणांच्या फोनवरून यूपीआयने पैसे द्यायची १२३पे ही सोय २०२२ पासून आहे, पण आठवीतल्या मुलाला मी ती देणार नाही. सिमही माझ्याच नावावर आहे, अठराच्या आत ते मिळत नाही.

फोन घेण्याआधी शाळेला विचारा. आमच्या शाळेत पालकांचा लेखी अर्ज लागला, आणि फोन आल्यावर बंद करून वर्गशिक्षिकांकडे जमा करायचा. अर्जात फोनचा प्रकार लिहायची ओळ होती. तिथे 'बटणांचा, कॅमेरा नाही' एवढं लिहिलं आणि बाईंनी पुढचं काही न विचारता सही केली.