कंडक्टर नसलेल्या बसमध्ये नऊ महिने

आमच्याकडे गाडी एकच. ती नवरा घेऊन उत्तरेला एव्हरेटला जातो आणि माझं ऑफिस दक्षिणेला, सिअ‍ॅटलच्या डाउनटाउनमध्ये. म्हणजे मी बसला लागले ती नाइलाजानं, हौसेनं नाही. इथल्या उपनगरात राहणाऱ्या आपल्या मंडळींसमोर बसचं नाव काढलं की ती जरा दयेनं बघतात. "अगं, लायसन्स नाही झालं का अजून?" लायसन्स आहे. ऑक्टोबरपासून आठवड्यातले तीन दिवस मी मिल क्रीकहून स्विफ्ट बसनं लिनवूडला आणि तिथून लिंक रेल्वेनं ऑफिसला जाते. आता जुलै उजाडला. गाडी दारात उभी असली तरी बसनंच जावं असं वाटायला लागलंय, म्हणून हे लिहायला घेतलं.

माहिती नसलेल्यांसाठी थोडक्यात. सिअ‍ॅटलच्या उत्तरेला स्नोहोमिश काउंटी आहे, तिथली कम्युनिटी ट्रान्झिट ही संस्था स्विफ्ट चालवते. पहिली ब्लू लाइन २९ नोव्हेंबर २००९ ला सुरू झाली. ती हायवे ९९ वरून जाते. २०१९ मध्ये ग्रीन आली, बोइंगच्या कारखान्याजवळच्या सीवेपासून बॉथेलच्या कॅन्यन पार्कपर्यंत. मार्च २०२४ मध्ये आली ऑरेंज. ती एडमंड्स कॉलेजपासून लिनवूड, अ‍ॅल्डरवूड मॉल, मिल क्रीक करत मॅकॉलम पार्कला जाते. त्याच वर्षी ३० ऑगस्टला लिंक रेल्वे लिनवूडपर्यंत पोचली आणि ऑरेंजला खरा अर्थ आला. त्याआधी लिंकचं उत्तरेकडचं शेवटचं स्टेशन नॉर्थगेट होतं. अजूनही तसंच असतं तर मी या फंदात पडले नसते.

बस म्हणजे साठ फुटी जोडबस, मधोमध पेटीच्या भात्यासारखा भाग. तीन दारं, तिन्हीतून चढा, तिन्हीतून उतरा. ड्रायव्हरशी आपला काही संबंध येत नाही. सायकल आतच ठेवायची, मागच्या दाराशी. दिवसा दहा-पंधरा मिनिटांनी बस असते, रात्री अंतर वाढतं. वेळापत्रक मी एकदाही पाठ केलेलं नाही आणि नोकरीला जाणाऱ्या माणसासाठी ही चैनच आहे. साध्या बसचा तास-अर्ध्या तासाचा हिशोब डोक्यात ठेवून भात शिजवायचा म्हणजे काय ते मला विचारा.

पण या बसचं खरं मर्म वेगात नाही, तिकिटात आहे.

मी पुण्याजवळच्या निगडीची. लहानपणी बस म्हणजे कंडक्टर. खाकी कपडे, चामड्याची पिशवी, दांडीवर पंचची टकटक, "पुढे चला, पुढे रिकामं आहे." तिकीट काढायची जबाबदारी तुमची असली तरी ते देण्याची जबाबदारी त्याची. गर्दीत तो तुमच्यापर्यंत पोचलाच नाही तर मनाला फारसं लागायचं नाही. स्विफ्टमध्ये कंडक्टर नाही, ड्रायव्हरशेजारी पैसे टाकायची पेटी नाही, बसमध्ये कार्ड लावायचं यंत्रही नाही. ते यंत्र स्थानकावर, खांबावर आहे. बस येण्याआधी तिथं ऑर्का कार्ड, म्हणजे इथल्या बस-रेल्वेचं पैसे भरलेलं कार्ड, टेकवायचं, बीप झाली की काम झालं. कार्ड नसेल तर शेजारच्या यंत्रातून कागदी तिकीट घ्यायचं. मोठ्यांना अडीच डॉलर, अंतर कितीही असो. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना २०२२ पासून फुकट.

याचा परिणाम काय होतो ते पाहायचं असेल तर आधी इथल्या साध्या बसमध्ये बसा. एकच पुढचं दार, रांग, त्यात एखादे आजोबा चुरगळलेली डॉलरची नोट पेटीत सरळ करून घालतायत, ती परत बाहेर येतेय, मागे दहा माणसं पावसात. प्रत्येक थांब्यावर असं मिनिटभर गेलं की वीस थांब्यांवर किती गेलं? स्विफ्ट स्थानकावर थांबते ती माझ्या अंदाजानं दहा-पंधरा सेकंद. तीन दारं उघडतात, माणसं आत-बाहेर होतात, दारं बंद. स्थानकंही साधारण मैलाच्या अंतरानं आणि सिग्नल बसला जरा झुकतं माप देतात. पण सगळ्यात जास्त वेळ वाचतो तो पैसे आधीच घेतल्यामुळे.

आपल्याकडे हे सुचलं नव्हतं असं नाही. पुण्यात कात्रज-हडपसर बीआरटी, म्हणजे वेगळ्या लेनमधून धावणारी जलद बससेवा, डिसेंबर २००६ मध्येच सुरू झाली, देशातली पहिली. निगडी-दापोडी रस्त्यावर ती २०१८ मध्ये आली. स्थानकं बांधली, वेगळी लेन दिली, पण तिकीट मात्र बसमध्ये कंडक्टरकडेच राहिलं. अहमदाबादच्या जनमार्ग बससेवेनं २००९ मध्ये तिकीट स्थानकावर आणलं, म्हणजे स्विफ्टच्याच आगेमागे. कंडक्टरच्या पोटाचा प्रश्न असतो हे मान्य, आणि गर्दीच्या बसमध्ये तो नुसती तिकिटं देत नाही, भांडणंही मिटवतो. तरीही.

आता गैरसोय. कार्ड टेकवायचं यंत्र खांबावर आणि बस समोर. डिसेंबरात साडेचारलाच अंधार होतो, सकाळीही उजेड उशिरा, पाऊस तर सोबतीलाच. असंच एकदा मी सिग्नलवरून पळत आले. बस उभी, दारं उघडी. यंत्र आठ-दहा पावलं मागे राहिलेलं. टेकवायला गेले तर बस जाणार. चढले. बसले. दारं बंद झाली आणि मग लक्षात आलं की आता आत काहीच करता येत नाही. कंडक्टर असता तर "एक लिनवूड द्या" म्हटलं असतं. इथं पैसे देण्याची इच्छा असूनही देता येत नाहीत! पुढच्या स्थानकावर उतरले, कार्ड टेकवलं आणि पुढची बस घेतली. बारा मिनिटं भिजत उभी राहिले. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "वेडी आहेस." असेन. पण तपासनीस अधूनमधून येतात, इथं त्यांना अ‍ॅम्बॅसडर म्हणतात, आणि त्यांनी हातातलं यंत्र पुढं केल्यावर मला खाली बघायचं नव्हतं. त्या दिवसापासून घरातून दोन मिनिटं आधी निघते. स्थानकावर पोचल्याबरोबर आधी कार्ड, मग मोबाइल.

मार्चमध्ये आई आली, तीन महिन्यांसाठी. माझ्या मते हा या अनुभवाचा सगळ्यात मोलाचा भाग. तोवर मला जे कळलं नव्हतं ते आईनं पहिल्याच दिवशी पकडलं.

तिला सिअ‍ॅटल दाखवायला निघालो. स्थानकावर मी माझं कार्ड एकदा माझ्यासाठी टेकवलं, एकदा तिच्यासाठी. दुसऱ्या वेळी आवाज जरा वेगळा आला खरा, पण बस आली होती. आत बसल्याबसल्या आई म्हणाली, "माझं तिकीट कुठंय?"

"काढलं गं, कार्डावर."

"कार्ड तुझं. माझ्या हातात काय आहे? कोणी विचारलं तर काय दाखवू?"

"इथं तसं नसतं."

"तसं नसतं म्हणजे फुकट असतं का?"

मी हसले. अ‍ॅल्डरवूडच्या पुढे एक अ‍ॅम्बॅसडर चढला. माझं कार्ड त्याच्या यंत्राला लावलं, ठीक. मग आईकडे वळला. मी सांगितलं की हिचंही याच कार्डावर आहे. त्यानं यंत्र मला दाखवलं: एकाच माणसाचे पैसे. एका कार्डावर एकाच वेळी एकच प्रवासी, दोन तासांच्या आतला दुसरा टॅप म्हणजे त्याच प्रवाशाचा पुढचा प्रवास. दोघांचं भाडं कधी धरलंच गेलं नव्हतं. माणूस भला. पुढच्या वेळी यांना वेगळं कार्ड घ्या म्हणाला आणि पुढं गेला. आईला इंग्रजी सगळं कळलं नाही, पण मुद्दा कळला. "म्हणजे मी विनातिकीट होते," एवढंच बोलली. आजही कोणी अमेरिकेचा अनुभव विचारला की स्पेस नीडलच्या आधी हे सांगते.

परतीच्या वेळी तिनं हट्टानं यंत्रातून कागदी तिकीट घ्यायला लावलं. ते दुमडून घड्याळाच्या पट्ट्यात खोचलं, निगडी-मनपा बसमध्ये खोचायची तसं. मला गलबलून आलं, पण त्यात आमचे पैसे जास्त गेले ते वेगळंच. कागदी तिकिटावर बस किंवा रेल्वे बदलायची सवलत मिळत नाही. कार्डावर मिळते: पहिल्या टॅपपासून दोन तासांत दुसऱ्या बसला किंवा रेल्वेला गेलात तर फक्त फरक कापला जातो. स्विफ्टचे अडीच डॉलर, लिंकचे तीन, म्हणून लिंकला लागतात पन्नास सेंट. पुढच्या रविवारी कागदी तिकिटाच्याच जोरावर गेलो तेव्हा आईच्या एका बाजूचे अडीच अधिक तीन असे साडेपाच झाले आणि माझे तीन. दोन्ही बाजूंचा हिशोब तिनं बसमध्येच बोटांवर केला आणि म्हणाली, "घे कार्ड." कार्डाचे तीन डॉलर वेगळे. ज्येष्ठांची सवलत ६५ पासून आहे, आई ६३ ची, त्यामुळे पूर्ण भाडं.

हा दोन तासांचा नियम नीट समजून घ्या, फार कामाचा आहे. तो फक्त पुढच्या प्रवासाला नाही, परतीलाही चालतो. मॉलला जाऊन कोथिंबीर-मिरच्यांसारखं किरकोळ काही घेऊन दोन तासांच्या आत परतीच्या बसला कार्ड टेकवलं तर जाऊनयेऊन अडीच डॉलर. आई तर हातातल्या घड्याळावर वेळ लावून खरेदी करायची. "चल चल, पंधरा मिनिटं राहिली." एवढ्या शिस्तीत आमची खरेदी आयुष्यात कधी झाली नव्हती.

याच नियमानं मलाही एकदा वाचवलं. मिल क्रीकच्या आसपास ग्रीन आणि ऑरेंज काही अंतर एकाच रस्त्यानं जातात. मला हवी ऑरेंज. फोनमध्ये डोकं खुपसून आली त्या बसमध्ये चढले, ती ग्रीन. ऑरेंज पश्चिमेला वळते, ही सरळ दक्षिणेला कॅन्यन पार्कला. वर पाहिलं तेव्हा शेवटचं स्थानक आलेलं. परत फिरले, पुन्हा ऑरेंज धरली, लिनवूडला पोचले. दोन तास व्हायच्या आत लिंकला कार्ड टेकवलं आणि त्या दिवशीही नेहमीचेच तीन डॉलर गेले. मीटिंग गेली ती गेलीच. नवीन असाल तर बसच्या कपाळावरचा रंग वाचा, सगळ्या दिसतात सारख्याच.

मासिक पास घ्यावा का, हे सारखं विचारतात. हिशोब सोपा आहे. पासची किंमत एका बाजूच्या भाड्याच्या ३६ पट. अडीच डॉलरचा पास नव्वदला, तीनचा एकशे आठला. म्हणजे महिन्यात अठरा दिवस जाऊनयेऊन केलं तर बरोबरी होते. मी महिन्याला बारा-तेरा दिवस जाते, साधारण ७५ डॉलर होतात, म्हणून पास नाही. पण आधी ऑफिसला विचारा, इथल्या बऱ्याच मोठ्या कंपन्या ऑर्का कार्ड देतात. मी विचारायला चार महिने लावले आणि उत्तर नाही असं आलं, ती गोष्ट वेगळी.

न आवडलेलं काय? स्थानकांमधलं अंतर हे बसच्या वेगाचं कारण आणि माझ्या पायांच्या दुखण्याचंही. आमच्या सोसायटीपासून स्थानक सोळा मिनिटं, त्यातली पाच निव्वळ सहापदरी रस्ता ओलांडायला. ही उपनगरं गाड्यांसाठी बांधलेली, माणूस पायी आला तर तो रस्त्यालाच आगंतुक वाटतो. पिशव्या घेऊन चालणं नको होतं. आईनं दुसऱ्याच आठवड्यात चाकांची पिशवी घ्यायला लावली. रात्री उशिरा मी एकटी असले तर ड्रायव्हरच्या जवळ बसते. मागे कधी कोणी गारठ्यातून आसऱ्याला आलेला झोपलेला असतो. मला आजवर कुणी त्रास दिलेला नाही, पण सवय व्हायला वेळ लागला. आणि गाडीनं ऑफिस गाठायला लागतो त्यापेक्षा वेळ जास्तच लागतो. आय-५ हायवे मोकळा असेल त्या दिवशी तर बराच. तो मोकळा कधी असतो हा पुढचा प्रश्न.

जूनअखेर आई परत गेली. जायच्या आदल्या दिवशी तिच्या कार्डावर साडेचार डॉलर शिल्लक होते. मी म्हटलं, ठेव इथंच, कुणी पाहुणे आले तर वापरतील. तिनं ते पासपोर्टच्या पाकिटात घातलं. "माझ्या नावाचं तिकीट आहे ते," म्हणाली, "पुढच्या वर्षी लागेल."